खाऱ्या हवेवरचं खापर

मासवणच्या शाळेत शनिवारची सुट्टी घड्याळावर होत नसे; ती आत्माराम चुरींच्या गाडीवर होत असे.

घड्याळ नव्हतं असं नाही. मुख्याध्यापकांच्या खोलीत एक होतं, पण ते दिवसाकाठी सात मिनिटं मागे पडायचं आणि शाळेचा शिपाई झुंबर त्याला जुमानायचा नाही. त्याचा भरवसा होता तो उताराच्या तळाशी होणाऱ्या आवाजावर. खिंडीकडून येणारा रस्ता शाळेच्या अलीकडे एक छोटा उतार उतरतो आणि मोरीवर चढतो. मोरीपलीकडे चिंचेचं झाड आहे. शनिवारी साडेअकराच्या सुमाराला तिथे 'ठो' असा बार झाला, की झुंबर घंटेचा हातोडा हातात घ्यायचा. चिंचेवरचे बगळे उडायचे, पाचवीची पोरं "बाईंचे आप्पा आले" म्हणत दप्तरं आवळायची, आणि चंद्रकांताबाई फळ्याकडे तोंड करून उरलेलं वाक्य पुरं करायच्या. तोंड फळ्याकडे एवढ्यासाठी, की लाल झालेले कान पोरांना दिसू नयेत.

हे अकरा वर्षं चाललं होतं. सोमवार ते शनिवार ती मासवणला खोली घेऊन राहायची आणि शनिवारी तिचे वडील आत्माराम, म्हणजे आप्पा, तिला घिवलीला घरी न्यायला यायचे. नोकरीला लागली त्या पहिल्याच शनिवारी तिने त्यांना सांगितलं होतं, की गाडी फाटकापर्यंत आणू नका, मुलांचं लक्ष जातं. आप्पा "बरं" म्हणाले. त्यांना एकदा सांगितलेलं पुरे व्हायचं. पुढच्या शनिवारपासून गाडी चिंचेखाली.

फेब्रुवारीतल्या त्या शनिवारीही सगळं नेहमीसारखंच झालं. ती पुस्तकांची पिशवी घेऊन चिंचेखाली आली तेव्हा आप्पा खांद्यावरच्या पंच्याने बॉनेट पुसत होते. अंगात खाकी हाफपँट, वर बाह्या दुमडलेला पांढरा सदरा. गाडी शेहेचाळीस सालची काळी ऑस्टिन. डहाणूच्या एका इराणी बागवाल्याने ती बासष्ट साली विकायला काढली आणि आप्पांनी, घरात बैलगाडी धड नसताना, ती घेतली. तेव्हापासून तिने वाडीतले नारळ वाहिले, पडवळं वाहिली, शेजारच्या हिराच्या माशांच्या पाट्या वाहिल्या, आणि गावातल्या निम्म्या मुली सासरी पोचवल्या.

"आज बार जरा मोठा झाला," आप्पा तक्रार केल्यासारखं म्हणाले. "गेला हिचा सायलेन्सर. खारी हवा."

घिवलीत कशाचंही खापर खाऱ्या हवेवर फुटायचं. कडी गंजली, खारी हवा. रेडिओ खरखरला, खारी हवा. हिराचा नवरा महादू कबूल केलेलं विसरला, तर हिरा म्हणायची, खाऱ्या हवेनं डोस्कं गंजलंय त्याचं. त्यामुळे अकरा वर्षांत चार सायलेन्सर गेले याचं कोणाला नवल वाटलं नव्हतं. आप्पा दर वेळी भंगारातून कुठला तरी आणायचे आणि स्वतःच तारेने बांधायचे.

या वेळी मात्र तारेवर भागणार नव्हतं. हिराची मुलगी हंसा हिचं लग्न एप्रिलात होतं आणि हंसाने अट घातली होती. झालं होतं असं, की आदल्या वर्षी तिची चुलतबहीण ठकी याच गाडीतून सासरी गेली. फुटक्या सायलेन्सरचा धूर तळाच्या फळ्यांमधून आत येत राहिला, आणि सासरच्या दारात ठकी उतरली ती तव्याच्या बुडासारखी. पाय धुवायला आणलेल्या पाण्याने आधी तोंड धुवावं लागलं. तिची सासू अजून चारचौघींत सांगते, आमच्याकडं आल्यावर उजळली हो पोर. हंसा आप्पांना म्हणाली होती, "गाडी तुमचीच पायजे आप्पा, पन तोंड माजं हाय." आप्पांनी शब्द दिला, की तुझ्या लग्नाला गाडी आवाज करणार नाही आणि धूरही आत येणार नाही, नाहीतर तुला खांद्यावर बसवून नेईन.

म्हणून त्या दिवशी मागच्या सीटपासून पुढच्या काचेपर्यंत एक लांबलचक नवा पाईप आडवा टाकलेला होता. तो खांद्याला लावून चंद्रकांता बसली आणि नेहमीप्रमाणे तिने पुस्तक उघडलं. गाडी चालू असली की बोललेलं ऐकू यायचं नाही, त्यामुळे वाचण्याला कोणी नावं ठेवत नसे. खिंड गेली, पालघर गेलं, बोईसर गेलं. समुद्राच्या बाजूला अणुवीजकेंद्राची उंच चिमणी दिसायला लागली तसं आप्पांनी तिला कोपराने ढोसलं आणि हनुवटीने तिकडे दाखवत ओरडून सांगितलं, "त्यांचा सायलेन्सर बघ. धूर दिसतो काय?" हा विनोद ते दर शनिवारी करायचे. तिने दर शनिवारप्रमाणे मान डोलावली आणि पान उलटलं.

संध्याकाळी आप्पा ओट्यावर पाईप घेऊन बसले. पाईप तापवून वाकवायचा तर तो दुमडू नये म्हणून आधी वाळूने गच्च भरावा लागतो आणि दोन्ही तोंडांना लाकडी डट्टे ठोकावे लागतात. वाळू किनाऱ्यावरची, डट्टे त्यांनीच तासलेले. एक तोंड ठोकून झालं, तशी त्यांनी आत हाक मारली, "चंद्रा, जरा धर की."

तिच्या पुस्तकाची आठ पानं राहिली होती. "उद्या धरते, आप्पा."

"बरं," आप्पा म्हणाले, आणि पाईप गुडघ्यांत धरून त्यांनी दुसरा डट्टा एकट्यानेच ठोकला.

रविवारी सकाळी त्यांनी सुपारीला पाणी सोडलं, ओट्यावर येऊन बसले आणि चहा मागितला. ती कप घेऊन बाहेर आली तेव्हा ते भिंतीला टेकून बसले होते, पाईप मांडीवर आडवा. चेहऱ्यावर काही नव्हतं. काहीतरी विचारायचं होतं आणि ते आता विचारायचं कारण उरलं नाही, एवढंच. तिने कप कठड्यावर ठेवला आणि हिराला हाक मारली.

तेरावं झालं. त्याच्या दुसऱ्या दिवशी हिरा परातीत बोंबील घेऊन आली आणि, आता खायला लाग, रडायला पन जोर लागतो, असं म्हणून स्वतःच चुलीपाशी बसली. बोंबील तळून झाले, खाऊन झाले, तरी ती उठेना. इकडचं तिकडचं बोलत राहिली. पोरीची आई एवढी रेंगाळते म्हणजे काय, हे चंद्रकांताच्या लक्षात आलं. गेलेल्या माणसाच्या घरची गाडी, वर्षही झालेलं नाही, त्यात नवरी बसवायची कशी, असं गावातल्या बायका बोलत असणार. तिनेच सांगितलं, की हंसासाठी मी बोईसरहून दुसरी गाडी ठरवून देते, वाईट वाटून घेऊ नका.

हिराने तिच्याकडे असं पाहिलं, जसं काही शिळं पापलेट ताजं म्हणून दाखवलंय.

"सुतक मान्साला आसतं, चंद्राबाय. गाडी काय तुज्या आप्पांची भावकी हाय? त्यांनी शब्द दिलाय. आमी दुसरी गाडी आनली तर ते वरती बसून मलाच बोलतील." मग तिने परात उचलली. "फकस्त ती गप्प पायजे. आन् चालवायची तू. तुज्याबिगर येतंय कोनाला?"

गाडी चालवायला आप्पांनी तिला वाडीच्या रस्त्यावर शिकवलं होतं, लायसनही काढायला लावलं होतं. रस्त्यावर मात्र ती कधी चालवत नसे. त्या गाडीत बसणं वेगळं आणि त्या गाडीच्या चाकामागे दिसणं वेगळं, असं तिला वाटायचं. पण शब्द आप्पांचा होता. पुढच्या सुट्टीच्या दिवशी तिने पाईप मागे टाकला, हँडल मारलं आणि बोईसरचा रस्ता धरला.

त्या आवाजाने वाटेतली घरंच्या घरं बाहेर आली. आप्पा गेल्याचं ज्यांना कळलं नव्हतं त्यांनी नेहमीसारखा हात केला आणि चाकामागे बाई पाहून तो तसाच डोक्यावर नेऊन केस सारखे केले. बोईसरच्या नाक्यावर पानवाल्याने आवाजाच्या अंदाजाने आप्पांचं पान लावून तयार ठेवलं होतं. तिला पाहिल्यावर त्याने ते तिच्याच हातात दिलं. तिने ते तोंडात टाकलं. जन्मात पहिल्यांदा भर नाक्यावर पान खाऊन बाई नामदेवच्या गॅरेजात शिरल्या.

नामदेव हा आप्पांच्या ओळखीचा मेकॅनिक. पन्नाशीचा, बारीक, बोलण्यात तिरका. गाडी त्याने खालून काम करायच्या खड्ड्यावर घेतली आणि आधी तो पाईपाकडे वळला. एका तोंडाचा डट्टा उपटून त्याने चिमूटभर वाळू हातावर घेतली आणि जिभेला लावली.

"ही कुठली?"

"किनाऱ्यावरची. आमच्या घिवलीची."

"खारट हाय. मीठ ओल धरून ठेवतं, बाई. वाळू लागते नदीची, ती पन भाजून कोरडी केलेली. ही अशीच भट्टीत घातली आसती, तर आत वाफ कोंडून डट्टा तोफेवानी उडाला आसता. आप्पा वर गेले ते गेलेच, पन डट्टा त्यांच्या आदी पोचला आसता."

बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली. पण चंद्रकांताला हसू आलं होतं. ते अडवता येईना. पानाचा रस हनुवटीवर आला. आप्पा गेल्यापासून ती पहिल्यांदाच हसत होती आणि नामदेव घाबरून तिला पाण्याचा तांब्या देत होता. तो डट्टा तिने पिशवीत टाकला.

मग तारा तोडून जुना सायलेन्सर खाली काढला. तिने सवयीने सांगितलं, खाऱ्या हवेने गेला. नामदेवने तो उजेडात धरून फिरवून पाहिला. शेजारी वेल्डिंग करणारा भय्या डोळ्यांवरची काच वर करून बघत राहिला आणि म्हणाला, "ये तो बम का खोल लगता है."

"बरोबर बोलला तो, फुटल्या बाँबचं टरफलच हाय," नामदेव म्हणाला. "खारी हवा पत्रा बाहेरनं खाते, बाई. खवले सुटतात, भोकं पडतात. ह्याचा बाहेरचा रंग बघा, शाबूत हाय. आन् शिवन बघा. आतनं बाहेर फाटलीय. तळताना करंजी फुटते तशी."

"म्हणजे?"

त्याने फडक्याला हात पुसले आणि सावकाश समजावलं. गाडी उतारावर असताना कोणी चावी बंद केली, पण गियर तसाच ठेवला, तर चाकांबरोबर इंजिन फिरतच राहतं. ते पेट्रोल ओढतं, पण ठिणगी नसते. मग ते कच्चं पेट्रोल सगळं सायलेन्सरात जाऊन बसतं. तळाला पोचल्यावर पुन्हा चावी लावली, की आत साठलेलं एकदम पेटतं आणि बार होतो. महिन्यातून चार वेळा असा बार झाला, तर लोखंडाचा बाप असला तरी दोन-तीन वर्षांत फाटणारच.

"पेट्रोल वाचतंय म्हनून करतात काही लोक. घाटात करत आसतील आप्पा."

करत नव्हते. दर शनिवारी ती त्यांच्या शेजारी बसून खिंड चढत होती आणि उतरत होती. उतारावर चावी बंद करणारा माणूस आणि पोहायला जाताना खिशात दगड भरणारा माणूस सारखाच, हे तिने त्यांच्याच तोंडून ऐकलं होतं. तिने ते नामदेवला सांगितलं.

"बरं, मग गाडी आप्पांनी घेतली तवाचा सायलेन्सर किती टिकला?"

तिने हिशेब केला. बासष्टला गाडी आली. ती मासवणला लागली पंचाहत्तरला. पहिला बदलला तो तिच्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी. "तेरा-चौदा वर्षं. आणि मी नोकरीला लागल्यापासून चार गेले."

"तेरा वर्षांत एक पन नाय, आन् नंतरच्या अकरा वर्षांत चार." नामदेवने फुटका सायलेन्सर तिच्या पायाशी ठेवला. "त्या तेरा वर्षांत तुमच्या घिवलीची हवा काय गोड होती?"

पाईप वाकवून, सायलेन्सर बसवून गाडी पुढच्या रविवारी मिळणार होती. मधला आठवडा चंद्रकांताने शाळेत काढला. शनिवार आला. आप्पा गेल्यानंतर शाळेच्या सुट्टीचं काही खरं राहिलं नव्हतं. पहिल्या शनिवारी झुंबर सवयीने बारा वाजेपर्यंत हातोडा हातात घेऊन बसून राहिला होता आणि मुख्याध्यापकांचं बोलणं खाल्लं होतं. या शनिवारी त्याने अकरालाच घंटा बडवली. पोरं पळाली. चंद्रकांता व्हरांड्यात त्याच्यापाशी गेली आणि विचारलं, की माझे आप्पा यायचे तेव्हा गाडी उतारावरून कशी यायची, कधी पाहिलंस का?

"दर शनवारी बघायचो की. वरच्या आंब्यापाशी आली की गप्प व्हायची." झुंबरने तंबाखू चोळायचं थांबवलं. "मला वाटलं, बंद पडते. एकदा ढकलायला गेलो वरती. तवा आप्पा म्हनले, ढकलू नको, मीच बंद केलीय."

"का, ते नाही सांगितलं?"

"सांगितलं ना. म्हनले, पोरीला गाडीचा आवाज आवडत नाय. पोरांच्या समोर कानकोंडी व्हते ती."

व्हरांड्यात दुसरं कोणी नव्हतं. एका वर्गाचं दार वाऱ्याने हलत होतं.

"मुलांचं लक्ष जातं, असं नाही म्हणाले?"

"नाय. कानकोंडी व्हते म्हनले." झुंबरला एवढ्यावर थांबायला हवं होतं हे कळत होतं, पण पुढची गोष्ट मजेची होती आणि ती सांगितल्याशिवाय त्याला राहवेना. "पन खाली मोरीच्या चढाला इंजिन लागायचंच. चावी फिरवली की ठो. ते काय त्यांना शेवटपर्यंत उमगलं नाय. मला म्हनायचे, झुंबर, एवढी गप्प आनतो रे हिला, आन् नेमकी दारात येऊन बेइमान व्हते."

चंद्रकांता हसली. झुंबरही हसला. मग ती वर्गात जाऊन बसली आणि चाचणीच्या वह्या तपासायला घेतल्या. एकामागून एक सगळ्या तपासल्या. संध्याकाळी पुन्हा बघितलं तेव्हा लक्षात आलं, की तिने सगळ्यांनाच पास केलंय. तिने ते बदललं नाही.

रविवारी ती गॅरेजात पोचली तेव्हा गाडी खड्ड्यावरच होती. नामदेवने भाजलेल्या नदीच्या वाळूने आप्पांचाच पाईप वाकवला होता. इंजिनाखालून निघून मागच्या आसाला वळसा घालणारं ते वळण इतकं गोल आलं होतं, की तिने त्यावर हात फिरवून पाहिला. नवा सायलेन्सर, पट्ट्या, खाली रबराचे तुकडे, आणि तळाच्या फळ्यांवर आतून पत्रा. शेवटची पट्टी आवळायची राहिली होती. "तुमी आवळा," नामदेव म्हणाला. "आप्पा आसते तर त्यांनी मला हात लावू दिला नसता."

ती पदर खोचून खड्ड्यात उतरली. वर गाडीचं पोट, त्यावर चोवीस वर्षांची धूळ, वंगण, वाळू, आणि एका खिळ्याला अडकलेला माशाच्या पाटीचा काथ्या. नामदेवने पट्टी धरून ठेवली आणि तिने पाना फिरवला. धरायला कोणीतरी असलं की हे काम दोन मिनिटांचं असतं, हे तिच्या लक्षात आलं. तिने आणखी एक आटा घट्ट केला.

हँडल मारलं. पहिल्या फेरीला काही झालं नाही असं वाटून नामदेव पुन्हा मारायला गेला, तर हँडलच हातात थरथरत होतं. गाडी चालू होती. वेल्डिंगवाला येऊन कान लावून गेला. नामदेवने मागच्या पाईपाच्या तोंडापुढे तळहात धरला, ऊब लागल्यावर मान हलवली, आणि म्हणाला, "आता हिला हॉर्नची गरज लागेल, बाई. आजवर लागली नव्हती."

हंसाचं लग्न सकाळी घिवलीत लागलं. चारच्या सुमाराला पाठवणी. हिराने गाडीच्या चाकांवर पाणी घातलं, बॉनेटवर झेंडूची माळ टाकली, आणि आप्पा बसायचे त्या सीटला पदर लावून नमस्कार केला. मग तिने चंद्रकांताला आत बसायला सांगितलं. नवरा दादू आणि हंसा मागे बसले. वऱ्हाड टेंपोतून येणार होतं, पण टेंपोत कोण कुठे बसायचं यावर तिथे एवढा वाद पेटला होता, की गाडी एकटीच पुढे निघाली.

सासरचं गाव मुरबे, तिथे पोचेपर्यंत हंसाने हातातला आरसा खाली ठेवला नाही. दर मैलाला ती चेहरा तपासायची आणि दादूला विचारायची, काळं लागलंय काय. दादू प्रत्येक वेळी नीट बघून सांगायचा, नाय लागलं. तिसऱ्या-चौथ्या वेळेपासून तो जरा जास्तच वेळ बघायला लागला, तशी चंद्रकांताने पुढचा आरसा बाहेरच्या बाजूला वळवला.

मुरब्यात सगळी तयारी होती. दादूच्या आईने पोरांना सांगून ठेवलं होतं, की चुरींची गाडी वळणावर आली की आवाज येतोच; तो आला की मला हाक मारा, मी लुगडं बदलून आरती घेते, आणि बँडवाल्यांनी सुरू करायचं. त्यामुळे पोरं निवांत गोट्या खेळत होती. बँडवाले मांडवाच्या सावलीला आडवे झाले होते. गाडी अंगणात येऊन थांबली तरी एक कुत्रं सोडून कोणाची मान वळली नाही.

दादूची आई विहिरीपाशी लुगडं वर खोचून तांदळाचं पातेलं घासत होती. तिने राखेच्या हाताने कपाळावरचे केस मागे सारले, काळ्या गाडीकडे पाहिलं, आणि खिडकीतून दिसणाऱ्या मुंडावळ्यांना विचारलं, "कोन पायजे?"

"तुमची सून हाय," हंसा म्हणाली. "लवकर आली काय?"

पुढची पाच मिनिटं मुरबेकर विसरायचे नाहीत. पातेलं विहिरीत पडलं. बँडवाल्यांपैकी दोघांच्या कर्ण्यांची अदलाबदल झाली आणि दोघांनीही ते तसेच वाजवले. सासूबाई उलट्या लुगड्यात आरती घेऊन धावत आल्या, आणि ओवाळताना हात मध्येच थांबवून त्यांनी नवरीची हनुवटी वर केली. ठकीची गोष्ट किनाऱ्यावर कोणाला ठाऊक नव्हती?

"ही तर उजळूनच आली," त्या म्हणाल्या. "आता आमी काय करायचं?"

परतताना गाडी रिकामी होती. रस्त्याकडेची सुकत घातलेली मासळी गोळा करणाऱ्या बायकांनी वर पाहिलंसुद्धा नाही. आप्पांचा शब्द पुरा झाला, असं चंद्रकांताने मनाशी म्हटलं, आणि ते खरं होतं. पण एक राहिलं होतं, आणि ते घिवलीच्या किंवा मुरब्याच्या रस्त्यावर होण्यासारखं नव्हतं.

शाळेचा निकाल त्याच आठवड्यात शनिवारी होता. आपल्या वर्गाचा निकाल मुख्याध्यापकांकडे सोपवून शुक्रवारीच ती मासवणहून घरी गेली. निघताना तिने झुंबरला सांगितलं, की उद्या मी गाडी घेऊन येते. झुंबरचा चेहरा उजळला. बऱ्याच दिवसांनी घंटेला नीट वेळ मिळणार होती.

सकाळी ती निघाली. बोईसरला पान घेतलं, खाल्लं नाही, सीटवर ठेवलं. पालघर, मग खिंड. खिंड उतरल्यावर शेतं लागली, आणि साडेअकराला थोडी मिनिटं असताना ती उताराच्या माथ्यावरच्या आंब्यापाशी पोचली. गाडी तिने थांबवली. खाली शाळेची कौलं दिसत होती, मोरी, चिंच, चिंचेवरचे बगळे. इतक्या वर्षांत तिने शाळा या बाजूने कधी पाहिली नव्हती. इथून एवढीशी होती. एवढ्याशा शाळेसाठी वीस-पंचवीस मैलांवरून आलेला माणूस इथे चावी फिरवायचा.

तिचा हात चावीवर गेला. इंजिन जेमतेम ऐकू येत होतं. तिने हात काढून पुन्हा चाकावर ठेवला आणि गाडी चालूच ठेवून उतारावर सोडली.

"आप्पा," ती म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. या गाडीत आजवर ओरडूनच बोलायची सवय होती. "मुलांचं लक्ष जातं, हे खोटं होतं."

मोरी आली. गाडी न कुरकुरता चढली. बगळे बसूनच राहिले. चिंच आली आणि मागे गेली.

"मला लाज वाटायची. गाडीची, माशांच्या वासाची, तुमच्या हाफपँटीची. तुमचीही."

ती फाटकातून आत गेली आणि व्हरांड्यासमोर थांबली. झुंबर पाठमोरा बसून, हातोडा मांडीवर घेऊन, कान उताराकडे लावून 'ठो' होण्याची वाट बघत होता. वर्गातली पोरं दप्तरं आवळून तयार होती, आणि त्यांचेही कान तिकडेच होते. तिने गाडी बंद केली नाही. शेजारच्या सीटवर पान होतं.

"आणि दर शनिवारी साडेदहापासून मी शिकवायचे कमी आणि त्या 'ठो' आवाजाची वाट बघायचे जास्त," ती त्या सीटला म्हणाली. "एकदा जरी तो झाला नसता ना आप्पा, तर वर्ग टाकून धावत आले असते. हे तुम्हाला सांगायचं होतं."